मुका मार

अपघात झाला की गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘फार काही नाही, मुका मार आहे.’ रक्त दिसत नाही म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटतं. मला मात्र या शब्दाची धास्ती वाटते. मोटारसायकलचं हँडल पोटावर जोरात बसलं, डावीकडच्या खालच्या बरगड्या मोडल्या, की आत प्लीहा फाटू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण ५ लिटर. त्यातलं दीड-दोन लिटर पोटात साचलं तरी बाहेर थेंब येत नाही. माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो.

इथे ट्रॉमा सर्जन लागतो, आणि आधी लागतो तो त्याचा निर्णय. नाडी, रक्तदाब, खाटेवरच केलेली पोटाची सोनोग्राफी, एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं. पोटात रक्त आहे आणि रक्तदाब सावरत नाही, तर सीटी स्कॅनसाठी थांबायचं नाही. थेट ऑपरेशन थिएटर.

पोट उघडल्यावरही तो सगळं दुरुस्त करत बसत नाही. रक्त गेलेलं शरीर गार पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं. ऑपरेशन लांबलं की तिन्ही बळावतात. म्हणून फाटलेल्या यकृताभोवती मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, दाबून बसवायचे, फुटलेलं आतडं तात्पुरतं बंद करायचं, पोट न शिवता नुसतं झाकून रुग्णाला आयसीयूत न्यायचं. उरलेलं काम दीड-दोन दिवसांनी. फिलाडेल्फियातल्या सर्जननी १९९३ मध्ये या पद्धतीला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हटलं. बाहेर नातेवाईक विचारतात, ‘ऑपरेशन अर्धवट का सोडलं?’ त्यांना कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं, की जीव वाचावा म्हणूनच थांबलेत.

आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी जनरल सर्जनच करतो. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावते, तिचं मोल मोठं आहे. पण ती पोचते त्या दारात रात्री दोनला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त, यातलं एक जरी नसलं तरी ‘पुढे न्या’ हेच ऐकावं लागतं. पोटातला रक्तस्राव त्या प्रवासात थांबत नाही.

म्हणून महामार्गालगतच्या प्रत्येक ट्रॉमा केअर सेंटरने रोज संध्याकाळी १०८ च्या नियंत्रण कक्षाला तीन गोष्टी कळवाव्यात : आज रात्री सर्जन कोण, भूलतज्ज्ञ कोण, रक्ताच्या पिशव्या किती. त्यातली एक जागा कोरी असेल, तर गाडी आधीच जिल्हा रुग्णालयाच्या रस्त्याला लागेल.