विश्लेषण : मिक्सर डिजिटल झाला, पण मैफलीचे मूळ आवाज कुठे जातात?

नाट्यगृहांपासून गणेशोत्सवाच्या मंडपांपर्यंत डिजिटल मिक्सर पोहोचले आहेत. प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय त्यांतल्या अनेकांत असते. तरीही कार्यक्रम संपल्यावर आयोजकांच्या हाती बहुधा दोन ट्रॅकची एकच फाइल उरते. हे नुकसान टाळणे महागही नाही आणि फार अवघडही नाही. मात्र त्यासाठी क्रम पक्का हवा. आधी कच्चे आवाज जपायचे, प्लगइनची सजावट नंतर.

दोन ट्रॅकच्या मुद्रणात काय बिघडते?

मिक्सरमधून बाहेर पडणारे मिश्रण सभागृहासाठी केलेले असते, मुद्रणासाठी नव्हे. लहान सभागृहात तबला मुळातच मोठा ऐकू येतो, म्हणून ध्वनिसंयोजक त्याचा फेडर खाली ठेवतो. समोर बसलेल्या श्रोत्याला ते योग्य वाटते. मुद्रणात मात्र गाणे पुढे आणि तबला शेजारच्या खोलीत, असे ऐकू येते. मध्येच हार्मोनियमचा आवाज चढला किंवा शिट्टी वाजली, तर तीही कायमची चिकटते. एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करणारी सॉफ्टवेअर आली असली, तरी मूळ ट्रॅकची सर त्यांना येत नाही.

मल्टिट्रॅकमध्ये गायकाचा, तबल्याचा, हार्मोनियमचा आणि तानपुऱ्याचा ट्रॅक वेगळा राहतो. सभागृहातले मिश्रण कसेही असले, तरी घरी बसून ते नव्याने करता येते.

जोडणी कशी करायची?

‘बेहरिंगर एक्स३२’चे उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये आलेला हा मिक्सर भाड्याच्या ध्वनिव्यवस्थेत सहज दिसतो. त्यावर एक घोटाळा नेहमी होतो. वरच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावला, तर फक्त दोन ट्रॅक नोंदवले जातात. मल्टिट्रॅकसाठी मागच्या बाजूच्या कार्डावरचे यूएसबी पोर्ट वापरावे लागते. त्यातून ३२ ट्रॅक संगणकात जातात आणि ३२ परत येतात. विंडोज संगणकात त्यासाठी ‘एएसआयओ’ ड्रायव्हर टाकावा लागतो. मिक्सर आणि मुद्रणाचे सॉफ्टवेअर, दोन्हींचा सॅम्पल रेट सारखाच ठेवायचा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसे आहे.

पुढची पायरी राउटिंगची. कार्डाकडे जाणारे आवाज आठ-आठच्या गटांत निवडावे लागतात. माइक थेट मिक्सरला जोडले असतील तर ‘लोकल’, रंगमंचावरच्या स्टेजबॉक्सला जोडले असतील तर ‘एईएस५०’. हे बदलायचे राहिले, तर पडदा पडेपर्यंत मुद्रण सुरू दिसते आणि ट्रॅक मात्र रिकामे निघतात. म्हणून पहिल्या माइक चाचणीतच अर्धा मिनिट नोंदवून ते ऐकून पाहावे.

या मार्गाने जाणारा आवाज इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि फेडर यांच्या आधीचा असतो. सभागृहासाठी केलेले बदल मुद्रणात उतरत नाहीत, उतरतो तो फक्त गेन. तिथे आवाज फाटला, तर कोणतेही प्लगइन तो पूर्ववत करू शकत नाही. डिजिटल मोजपट्टीवर शून्य हे छत असते. नेहमीचे गायन उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि जोरकस तान उणे सहाच्या खाली ठेवली, की धोका राहत नाही. २४ बिटमध्ये थोडा कमी आवाज नोंदवल्याने काही बिघडत नाही.

जागा किती लागते?

४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला ३२ ट्रॅकसाठी तासाला सुमारे १६.६ जीबी लागतात. तीन तासांच्या मैफलीचे झाले सुमारे ५० जीबी. माइक सोळाच असतील तर निम्मे. संगणक न्यायचा नसेल, तर ‘एक्स-लाइव्ह’ कार्ड थेट एसडी कार्डांवर नोंद करते. ३२ जीबीच्या दोन कार्डांत ३२ ट्रॅकचे सुमारे तीन तास मावतात. ठुमरीनंतर भैरवी व्हायची असेल, तर हा हिशेब आधीच करावा.

प्लगइन कार्यक्रमात वापरावे का?

मोह इथेच होतो. मिक्सरमधून आवाज संगणकात न्यायचा, प्लगइनमधून काढायचा आणि परत आणायचा, ही सोय त्याच यूएसबी तारेत आहे. पण या फेरीला वेळ लागतो. १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर जाताना २.७ आणि येताना २.७ मिलिसेकंद. ड्रायव्हरची भर वेगळीच. ध्वनी हवेत एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे गायकाचा आवाज जवळपास दोन मीटर मागे सरकला. कानातल्या मॉनिटरवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मग पोकळ वाटतो. तोच आवाज शेजारच्या माइकमधून विनाविलंब येत असतो आणि दोन्ही मिसळले की काही स्वर गिळले जातात. बफर कमी करावा, तर संगणकावर ताण येऊन आवाज तुटण्याची भीती असते.

म्हणून कार्यक्रमात प्लगइन फक्त रिव्हर्ब आणि एकोसाठी वापरावे. हे परिणाम मूळ आवाजाला समांतर चालतात. ते काही मिलिसेकंद उशिरा आले तरी खटकत नाहीत आणि संगणक बंद पडला तरी गाणे थांबत नाही. मुख्य आवाजाचा कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर मिक्सरमधलाच असावा. प्लगइनसाठी स्वतंत्र सर्व्हर लावणाऱ्या मोठ्या व्यवस्थांमध्ये हा विलंब बराच कमी होतो, पण त्यांचा खर्चही तसाच असतो.

घरी मिश्रण करतानाही हात आखडता हवा. चित्रपटगीताला शोभणारा कॉम्प्रेसर ख्यालावर लावला, की आलाप आणि तान एकाच उंचीवर येतात, तानपुरा वर चढतो आणि श्रोत्यांचे खोकणेही. कच्चा ट्रॅक जपलेला असेल, तर ही चूक उद्या सुधारता येते.

साउंडचेकला काय फायदा?

कालचे ट्रॅक आज मिक्सरमध्ये परत सोडले, की कलाकार नसतानाही मिश्रण जुळवता येते. यालाच ‘व्हर्च्युअल साउंडचेक’ म्हणतात. दौऱ्यावरच्या नाटकाला आणि वाद्यवृंदाला याचा मोठा उपयोग आहे. मर्यादा एवढीच की माइकचा गेन आणि शिट्टी यात तपासता येत नाहीत. शिवाय कार्यक्रमाआधी इनपुट पुन्हा माइकवर आणायला विसरले, तर नांदीलाच शांतता.

हक्क कोणाचा?

ट्रॅक साउंडवाल्याच्या डिस्कवर असले, म्हणून ते त्याच्या मालकीचे होत नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३८ आणि ३८ ‘अ’ कलाकाराला सादरीकरणाचा हक्क देतात. हा हक्क ५० वर्षे टिकतो. यात गायकाबरोबर साथीदारही येतात. त्यामुळे मुद्रणाला सर्वांची लेखी संमती घ्यावी आणि वापर कशासाठी होणार, हेही लिहावे. वेगळा केलेला गळा चुकीच्या हाती पडला, तर त्याची नक्कल करणे आज अधिक सोपे आहे. म्हणूनही हा कागद महत्त्वाचा.

मग अडते कुठे?

अडते ते मागणीवर. मिक्सर भाड्याने घेताना कोणी मल्टिट्रॅक मागत नाही, म्हणून कोणी देत नाही. आयोजकांनी साउंडच्या ऑर्डरमध्ये तीन ओळी घालाव्यात. प्रत्येक माइकचा कच्चा ट्रॅक नावासह द्यावा. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढाव्यात. त्यातली एक कलाकाराकडे जावी. या कामासाठी एक जास्तीचा माणूस लागेल, त्याचे मानधनही मोजावे.

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर तासभर रंगणारे बालगंधर्वांचे पद तेवढ्यात बसवावे लागे. तेव्हा यंत्राची मर्यादा होती. आज ५० जीबीत तीन तास मावतात. तरीही पुढच्या पिढीच्या हाती तबला हरवलेली दोन ट्रॅकची फाइलच लागली, तर दोष यंत्राला देता येणार नाही.