बिलच नाही, तर आजीवन हमी कसली?

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या टूल-किटांची गाऱ्हाणी यंदाही संक्रांतीच्या आतच आमच्या टेबलावर येऊन पडली. कुणाची 10 नंबरची गोटी उभी चिरली, कुणाच्या रॅचेटचे दात पहिल्याच हब नटला गेले, कुणाचा रिंग पाना कॅलिपरच्या बोल्टवर इतका सैल बसला की बोल्टचेच कोपरे गेले. शिक्का मात्र प्रत्येक नगावर ठसठशीत: 'क्रोम व्हॅनेडियम'. हीट ट्रीटमेंट धड झाली नसेल तर या शिक्क्याला काडीची किंमत नाही, हे आम्ही या पानावरून पुन्हा पुन्हा लिहीत आलो आहोत. तरीही 108 नगांची पेटी स्वस्तात दिसली की हात शिवशिवतातच.

पण या वेळी विषय पोलादाचा नाही, कागदाचा आहे. सांगलीच्या एका वाचकाने बऱ्या नावाच्या कंपनीचे अर्धा इंची रॅचेट घेतले. पेटीवर आजीवन हमी. वर्षाच्या आत पॉल तुटला. कंपनीने मूळ बिल मागितले. बिलावर होते 'हार्डवेअर माल, नग 1'. यावर मॉडेल नंबर नाही, सबब दावा नामंजूर. वाचक दुकानात परत गेले, तर उत्तर मिळाले की आर्थिक वर्ष संपले, आता बिलात बदल होणार नाही. पुन्हा कंपनीकडे विचारले, तर दुकानदाराकडून लेटरहेडवर लिहून आणा. दुकानदार म्हणाला, लेटरहेड मुख्य शाखेत असते. या सगळ्या हेलपाट्यांत थर्मल कागदावरचे ते बिल पार कोरे झाले. आता कंपनी म्हणते, बिल वाचता येत नाही.

आयुष्यभराची हमी सहा महिन्यांत उडून जाणाऱ्या शाईवर टांगून ठेवायची, ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे. कंपन्यांना खरोखर हमी पाळायची असेल, तर नगावर बॅच क्रमांक ठोकावा आणि तो पाहून नग बदलून द्यावा. हत्यार आपले आहे की नाही हे कंपनीला स्वतःच्या शिक्क्यावरून ओळखता येत नसेल, तर तो शिक्का हवा कशाला?

दुकानदारांचेही ऐकून घेण्यासारखे काही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मालाचे वर्णन हवे, हे 2020 च्या नियमांत स्पष्ट आहे. 'हार्डवेअर माल' हे वर्णन नव्हे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे हीदेखील अनुचित प्रथाच. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. वैधमापन खात्याचे निरीक्षक तेवढे पेटीवर छापील किंमत, आयातदाराचा पत्ता आणि मूळ देश आहे की नाही हे बाजारात फिरून पाहतील, तर निम्मा निनावी माल आपोआप हटेल. त्यांना वजनकाट्यांपलीकडे काही दिसतच नाही, असा आमच्या वाचकांचा अनुभव आहे.

आता आपल्याच मंडळींना दोन शब्द. नागदेवीत किंवा नाना पेठेत जीएसटी वाचवायला 'बिल नको' म्हणायचे आणि गोटी चिरली की आम्हाला पत्र लिहायचे, हे बंद करा. रॅचेटला पाइप लावून हब नट सोडवणाऱ्यांनीही हमीचे नाव काढू नये. त्याला लांब टॉमी लागते.

खरेदी सुटी करा. जपानी-कोरियन गाड्यांचे बहुतेक काम 8, 10, 12, 14, 17, 19 मध्ये उरकते. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांना 13, 16, 18 आणि टॉर्क्स लागतील. गोट्या सहा कोनीच घ्या, बारा कोनी गोटी गंजलेला नट खाते. पक्कड आणि पाने नाशिकच्या टपारियासारख्या बनावटीचे घेतले तरी खिशाला जड जात नाहीत. त्यात वाचलेले पैसे घोड्यांना आणि टॉर्क रेंचला लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्याला कोणतीच हमी वाचवणार नाही. क्लिक टाइप रेंच वापरून झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि बारा महिने किंवा पाच हजार क्लिक, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेट करून घ्या.

बिल घेताना काउंटरवरून हलू नका. बनावट, मॉडेल नंबर आणि एचएसएन लिहून घ्या: पक्कड 8203, पाने-गोट्या 8204, स्क्रू ड्रायव्हर 8205. घरी पोहोचण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हमी नाकारली तर तोंडी वाद घालत बसू नका, नकार लेखी मागा आणि 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. कंपनी दिल्लीची असो वा जालंधरची.

हमी नाकारलेल्या प्रत्येक वाचकाने आपली कागदपत्रे आमच्याकडे पाठवावीत. सुटे पत्र केराच्या टोपलीत जाते. सगळी प्रकरणे एकत्र बांधून आम्ही ती कंपन्यांकडे आणि ग्राहक व्यवहार खात्याकडे देऊ. फोटोत बिल क्रमांक, तारीख आणि तुटलेल्या नगावरचा शिक्का स्वच्छ दिसला पाहिजे.