ठसे आमचे, पुरावा कोणाचा?

बोटांच्या ठशांचे शास्त्र निष्पक्ष आहे असे सांगितले जाते. शास्त्र निष्पक्ष असेलही. ते कोणाच्या बोटांवर चालवले गेले, तो इतिहास निष्पक्ष नाही.

1897 साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी बसवण्याचे मोठे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलिसांनी केले. नाव मात्र लागले साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, ही रीत आम्हाला नवी नाही.

पुढे 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदणी झालेल्या माणसाचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. त्यासाठी गुन्हा घडलेला असण्याची गरज नव्हती. पारधी किंवा कैकाडी म्हणून जन्मणे पुरेसे होते. 1952 साली कायदा गेला, नजर गेली नाही.

मग आम्ही या शास्त्राच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. गावात साक्षीदार ज्याच्या शेतावर राबतो, त्याच्याविरुद्धच त्याला उभे राहायचे असते. तो फुटतो. प्रयोगशाळेचा अहवाल मजुरीला मुकत नाही, म्हणून तो आम्हालाच जास्त हवा.

आणि नेमका तिथेच कायदा हात आखडतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 176(3) सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यातच तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे सक्तीचे करते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1) मधील गुन्ह्यांना कमाल शिक्षा पाच वर्षे! आमचे पाणी घाण करणे याच कलमात येते. म्हणजे केवळ हेच कलम लागले, तर पाण्याचा नमुना तज्ज्ञाने येऊन घ्यावा अशी सक्ती नाही.

तामिळनाडूतील वेंगैवयल आठवा. 2022 च्या डिसेंबरात दलित वस्तीच्या टाकीत विष्ठा सापडली. डीएनएसाठी नमुने मागितले गेले, त्यांत त्याच वस्तीतले लोकही होते. 2025 मध्ये आरोपपत्र आले तेही तीन दलितांवरच. वस्तीने ते नाकारले. निकाल न्यायालय देईल. पण तपासावर विश्वास का उरत नाही, हे शासनाने स्वतःला विचारावे.

आमची मागणी साधी आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक गुन्ह्यात, शिक्षा कितीही असो, तज्ज्ञाची भेट सक्तीची करा. प्रयोगशाळा पोलीस खात्याच्या ताब्यातून काढा. शंभर वर्षे आमचे ठसे घेतलेत, आता आमच्यावर अन्याय करणाऱ्यांचेही घ्या.

जय भीम!