विश्लेषण : परदेशातून येताना बॅगेत किती बिअर आणता येते? दोन लिटरचा नियम आणि त्यामागचे गणित

परदेशवारीहून परतताना बॅगेत चॉकलेट, अत्तर आणि एखादी व्हिस्कीची बाटली असणे नवे नाही. आता त्यात बिअरचीही भर पडली आहे. म्युनिकची गव्हाची बिअर, बेल्जियमच्या मठांमध्ये तयार होणारी ट्रापिस्ट किंवा बँकॉकच्या दुकानातले चार कॅन मित्रांसाठी उचलले जातात. मात्र विमानतळावर उतरल्यावर अनेकांना कळते की, सीमाशुल्क विभाग बिअर आणि व्हिस्की एकाच मापाने मोजतो. हे माप नेमके काय, जादा बिअरवर किती शुल्क लागते आणि ती आणणे परवडते का, याचा हा आढावा.

मर्यादा नेमकी किती?

भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. सीमाशुल्काच्या बॅगेज नियमांत ‘मद्य किंवा वाइन’ असा एकत्र उल्लेख आहे. बिअरसाठी स्वतंत्र कोटा नाही, त्यामुळे तीही याच दोन लिटरमध्ये मोजली जाते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, तेवढ्या बसतात. अर्धा लिटरचे कॅन असतील तर चारच. सहा कॅनचा अर्धा लिटरवाला पॅक उचलला, तर त्यातले दोन कॅन मर्यादेबाहेर जातात.

या दोन लिटरची किंमत प्रवाशाच्या सामानाच्या एकूण करमुक्त मूल्यमर्यादेतच धरली जाते. शिवाय ही सवलत व्यक्तिगत आहे. पती-पत्नीची मर्यादा एकत्र करून एकाच्या नावावर चार लिटर दाखवता येत नाहीत.

‘ड्युटी फ्री’ची खरेदी वेगळी धरतात का?

नाही. सर्वाधिक गफलत इथेच होते. मुंबईत उतरल्यावर आगमन कक्षातील ड्युटी फ्री दुकानातून एक लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, तर त्या प्रवाशाची मर्यादा तिथेच संपली. बॅगेत आधीपासून असलेले बिअरचे चार कॅन त्यानंतर जादा ठरतात. परदेशातील सुपरमार्केट, तिथल्या विमानतळावरचे दुकान आणि इथले आगमन कक्षातील दुकान, या तिन्ही ठिकाणची खरेदी मिळून दोन लिटर, असा हिशेब आहे.

बिअर आणणारा तोट्यात का राहतो?

कारण आपला नियम द्रवाचे आकारमान मोजतो, त्यातील अल्कोहोल नाही. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या दोन लिटर व्हिस्कीत ८०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या दोन लिटर बिअरमध्ये ते जेमतेम १०० मिलिलिटर भरते. म्हणजे एकाच सवलतीत व्हिस्की आणणाऱ्याला आठपट अल्कोहोल आणता येते. किमतीचा विचार केला तरी तेच. महागडी सिंगल माल्ट आणि साधा बिअरचा कॅन, दोघांनाही सारखीच जागा मिळते.

अनेक देशांत असे नाही. ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला तब्बल ४२ लिटर बिअर करमुक्त आणता येते, पण २२ टक्क्यांहून तीव्र मद्य मात्र चारच लिटर. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला १६ लिटर बिअर चालते आणि तीव्र मद्य फक्त एक लिटर. सौम्य पेयाला जास्त आणि तीव्र पेयाला कमी सवलत, हे तिथले तत्त्व. ऑस्ट्रेलिया मात्र भारतासारखाच विचार करतो. तिथे कोणतेही मद्य मिळून २.२५ लिटरची मर्यादा आहे. एकच आकडा ठेवल्याने तपासणी सोपी होते हे खरे. पण सौम्य मद्य निवडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

जादा बिअरवर शुल्क किती?

बॅगेतून आणलेल्या बहुतेक जादा वस्तूंना सामानासाठीचा एकच सरसकट दर लागतो. मद्य त्यातून वगळलेले आहे आणि त्यावर त्याचा स्वतंत्र आयात दर आकारला जातो. व्हिस्की, वाइन यांच्यासाठी तो १५० टक्के आहे. बिअरवर १०० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून ११० टक्के.

एक उदाहरण घेऊ. एखाद्याने ३३० मिलिलिटरच्या २४ बाटल्यांचा खोका आणला आणि प्रत्येक बाटली १५० रुपयांना पडली असे समजू. सहा बाटल्या सवलतीत बसतील. उरलेल्या १८ बाटल्यांची किंमत २,७०० रुपये, त्यावर ११० टक्क्यांनी शुल्क २,९७० रुपये. म्हणजे या १८ बाटल्या प्रत्येकी ३१५ रुपयांना पडल्या. वर जादा वजनाचे विमान कंपनीचे शुल्क वेगळेच. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी. ती नसेल तर मूल्य ठरवण्याचे काम अधिकाऱ्याच्या अंदाजावर येते.

न सांगता ग्रीन चॅनेलने बाहेर पडले तर?

जाहीर करण्याजोगे काही नाही, असे सांगणाऱ्यांसाठी ग्रीन चॅनेल असतो. मर्यादेपेक्षा जास्त मद्य घेऊन त्यातून जाणे म्हणजे चुकीची घोषणा करणे. अशा वेळी सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार माल जप्त होऊ शकतो, तो सोडवण्यासाठी दंड भरावा लागू शकतो आणि प्रवाशाला वेगळा दंडही होऊ शकतो.

याउलट रेड चॅनेलवर जाऊन स्वतःहून सांगितले, तर बहुधा शुल्क भरून विषय मिटतो. शुल्क भरायचे नसेल तर आणखी एक मार्ग आहे. याच कायद्याच्या कलम ८० नुसार, खरी घोषणा करणाऱ्या प्रवाशाच्या विनंतीवरून वस्तू अडकवून ठेवता येते आणि भारताबाहेर जाताना ती परत मिळू शकते. मात्र टिकाऊ नसलेल्या बिअरसाठी याचा उपयोग थोडाच.

विमानात नेताना कोणते बंधन?

येथे दोन वेगळे नियम लागू होतात. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सहसा चालत नाही, त्यामुळे दुकानातून घेतलेली बिअर चेक-इन बॅगेतच टाकावी लागते. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातील सीलबंद पिशवी हा याला अपवाद.

चेक-इन बॅगेत धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय नियम लागतात. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले मद्य प्रतिव्यक्ती पाच लिटरपर्यंत नेता येते, ७० टक्क्यांहून तीव्र मद्याला बंदी आहे. २४ टक्क्यांपर्यंतच्या पेयांवर या नियमांत मर्यादा नाही, आणि बिअर त्यातच येते. म्हणजे विमान कंपनीने दहा लिटर बिअर बॅगेत घेतली, तरी सीमाशुल्क विभाग दोनच लिटर सोडतो. एकाची परवानगी ही दुसऱ्याची परवानगी नव्हे.

मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमानाने जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पुढच्या विमानासाठी पुन्हा सुरक्षा तपासणी असते. हातातली बाटली बॅगेज काउंटरवर बॅग देण्यापूर्वीच आत ठेवलेली बरी.

उंचीवर कॅन फुटतात का?

ही भीती बरीचशी अनाठायी आहे. प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही केबिनप्रमाणेच हवेचा दाब राखलेला असतो. तो जमिनीपेक्षा कमी असला तरी बिअरचा कॅन मुळातच आतल्या वायूचा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो. खरा धोका आदळआपटीचा. काचेच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बॅगेच्या मध्यभागी ठेवाव्यात. वजनाच्या दृष्टीने कॅन सोयीचे. अर्धा लिटरचे चार कॅन साधारण दोन किलो भरतात, तर तेवढीच बिअर काचेच्या बाटल्यांत बरीच जड होते. जर्मनीत कॅनवर २५ सेंट अनामत घेतली जाते. कॅन घरी आणला की ती बुडते, हाही छोटासा खर्च.

विमानतळाबाहेर पडल्यावर काय?

आयात आणि सीमाशुल्क हा केंद्राचा विषय आहे, मद्य बाळगणे आणि पिणे हा राज्याचा. विमानतळावर सुटका झाली म्हणजे राज्याच्या कायद्यातूनही सुटका झाली, असे नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आहे, तीव्र मद्यासाठी २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. त्यामुळे नागपूर विमानतळावर उतरून वर्ध्याला घरी जाणाऱ्याची शुल्कमुक्त बिअरही अडचणीची ठरू शकते. मुंबईत उतरून रेल्वेने सुरत किंवा वापीला जाणाऱ्यांनाही हेच लागू. गुजरातमध्ये परवान्याविना मद्य बाळगणे गुन्हा आहे.

मुक्त व्यापार करारांनी चित्र बदलेल का?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या. त्यात युरोपीय बिअरवरील ११० टक्के शुल्क ५० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. मात्र अशा सवलती मालाच्या मूळ देशाच्या पुराव्याशी जोडलेल्या असतात. बॅगेतल्या जादा बाटलीला त्या आपोआप मिळतील असे धरून चालू नये. खरा परिणाम दुकानांत दिसू शकतो. आयात बिअर इथेच स्वस्त मिळू लागली, तर ती बॅगेतून वाहून आणण्याचे कारणच उरणार नाही.

मग काय करावे?

दोन लिटरची मर्यादा आणि ११० टक्के शुल्क पाहता पैसे वाचवण्यासाठी बिअर आणणे व्यवहारात बसत नाही. मुंबई-पुण्यातील दुकानांत सहज मिळणारा ब्रँड परदेशातून आणणे म्हणजे सवलत वाया घालवणे. जी बिअर इथे मिळतच नाही, उदाहरणार्थ बेल्जियमच्या वेस्टव्लेटरेन मठातील किंवा एखाद्या गावच्या छोट्या ब्रुअरीतील, तिच्यासाठी ते दोन लिटर राखून ठेवावेत. खरेदी करताना बाटल्यांची संख्या नव्हे, मिलिलिटरची बेरीज करावी. परतताना ड्युटी फ्री दुकानात शिरण्यापूर्वी बॅगेत आधीच किती आहे, ते आठवावे. आणि बेरीज दोन लिटरच्या वर गेली असेल, तर रेड चॅनेलची वाट धरावी. जप्ती आणि दंडापेक्षा दोन-चार कॅनवरचे शुल्क केव्हाही स्वस्त पडते.