वकील, अशील आणि लेखी चिठ्ठी

वकिलांच्या कामातील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. वकिलांना आता रान मोकळे झाले, असे आपल्यातल्या काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही.

मूळ प्रकरण आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचे. दिल्लीतील एका गृहस्थांना मिळालेला २०,००० रुपयांचा चेक वटला नाही. त्यांनी वकिलामार्फत कलम १३८ खाली फिर्याद केली. समोरच्याने ती रक्कम व खर्चाचे ५,००० रुपये देऊ केले. ते वकिलाने आपल्याला दिले नाहीत, उलट फीच्या ५,००० रुपयांसाठी आपल्यावरच दावा लावला, अशी अशिलाची तक्रार होती. एवढ्याशा फीवरून प्रकरण थेट दिल्लीच्या वरच्या कोर्टापर्यंत गेले!

न्यायालयाने दिलेले एक कारण लक्षात घेण्यासारखे आहे. वकील अशिलाच्या सूचनेप्रमाणे चालतो, कामावर ताबा अशिलाचा असतो, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार. ठीक आहे, पण ताबा अशिलाचा, तर प्रकरण कुठवर आले हे त्याला कळायला नको का? अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याच्या हक्कावर पाणी सोडू नये, हे याच न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

शिवाय निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा आणि १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिलकडे तक्रार हे दोन्ही मार्ग अजून आहेत. तिथे वकिलाला वाचवणार ते त्याचे स्वतःचे पत्र. कलम १३८ चेच घ्या. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे देण्यास १५ दिवस, पुढे एका महिन्यात फिर्याद. अशील मेमो घेऊन २८ व्या दिवशी आला, तर वकिलाने ती तारीख त्याच दिवशी लिहून कळवावी. उद्या उशिराचे खापर कोणावर फुटायचे ते त्या कागदावरून ठरेल. फी किती, त्यात काय धरले आहे, तडजोडीला होकार कधी दिला, हेही लिहिलेले असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक अडचण आहे. कोर्टाचे बरेच कागद कानडीत. घरातली वडीलधारी मंडळी वकीलपत्रावर न वाचताच सही करतात. सहीपूर्वी वकीलसाहेबांकडून मराठीत चार ओळी मागून घ्याव्यात. चांगला वकील त्याला नाही म्हणत नाही.