लाज कोणाची?

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्याकडे बालदिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून खाऊ वाटला जातो, भाषणे होतात आणि मुले ही राष्ट्राची खरी संपत्ती असल्याची ग्वाही दिली जाते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला व्यवहारात सारे ‘पॉक्सो’ म्हणतात, तो २०१२ साली याच दिवशी अंमलात आला, ही गोष्ट मात्र त्या भाषणांतून क्वचितच ऐकू येते. हा विषय नेहमीच आतल्या पानावर ढकलला जातो, जसा तो घरातही आतल्या खोलीत ढकलला जातो. म्हणूनच तो आज आम्ही पहिल्या पानावर आणीत आहोत.

हा अपराध घडतो कसा? एखादा इसम समवयस्क मुलाचे किंवा मुलीचे सोंग घेऊन मोबाईलवरील खेळात वा इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी ओळख काढतो. तो घाई करीत नाही. अभ्यासाचा कंटाळा, वडिलांचे रागावणे, मैत्रिणीशी झालेले भांडण, हे सारे तो निवांत ऐकून घेतो; घरात जे ऐकावयास कोणास सवड नसते, नेमके तेच तो ऐकतो. मग संभाषण खाजगी कोपऱ्यात जाते, एखादे छायाचित्र मागितले जाते, आणि ते हाती पडताच मित्राचा मुखवटा गळून पडतो. ‘आणखी पाठव, नाहीतर हे तुझ्या आईला आणि वर्गातल्या सर्वांना पाठवितो’, अशी धमकी सुरू होते. कोणाकडून आणखी चित्रे, तर कोणाकडून, विशेषतः मुलग्यांकडून, पैसे उकळले जातात. आता तर मुलाने काहीही पाठविले नसले तरी त्याच्या शाळेतील साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने नग्न चित्र बनविता येते. चूक न करणाऱ्या मुलालाही आता अभय उरलेले नाही.

या धंद्याचे भांडवल ते चित्र नव्हे. ‘घरी कळले तर माझे काय होईल?’ ही मुलाच्या मनातील भीती हेच त्याचे खरे भांडवल आहे, आणि ते गुन्हेगाराला आपणच पुरविले आहे. ज्या घरात मुलाला पहिला प्रश्न ‘तू असे केलेसच का?’ हा विचारला जातो, त्या घरातील मूल धमकी देणाऱ्यापेक्षा आईबापांना अधिक भिते. अब्रू गेली, असे आपण म्हणतो. पण कोणाची?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिले आहे. पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीचे संरक्षण करतो आणि त्यात मुलाच्या संमतीला अर्थ नाही. अश्लील चित्रणासाठी मुलाचा वापर करणाऱ्यास २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर किमान पाच वर्षांचा कारावास आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब या कलमान्वये असे साहित्य प्रसिद्ध करणाऱ्यास वा पाठविणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गुन्हेगार सापडावा म्हणून पुढे पाठवा’ असे म्हणत अशा चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरविणाऱ्या सज्जनांनी हे ध्यानी घ्यावे. ते मुलाला वाचवीत नाहीत. त्याच्यावरील अत्याचार पुन्हा एकदा घडवितात.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. असे साहित्य खाजगीरीत्या उतरवून घेऊन पाहणे हा अपराध नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या आरंभी म्हटले होते. ते मत सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविले. असे साहित्य नष्ट न करता वा त्याची वर्दी न देता इतरांस देण्याच्या हेतूने जवळ बाळगणे हाही अपराध आहे, मग ते प्रत्यक्ष कोणास पाठविलेले नसले तरीही. याहून आम्हांस मोलाची वाटते ती एक लहानशी सूचना. ‘बाल अश्लीलता’ हा शब्दच न्यायालयांनी टाकून द्यावा आणि त्याऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य असे म्हणावे, असे न्यायालयाने सांगितले. शब्द बदलल्याने काय होते, असे कोणी विचारील. पहिल्या शब्दात चित्र अश्लील ठरते आणि त्या चित्रातील मूलही कलंकित होते. दुसऱ्या शब्दात ते चित्र म्हणजे गुन्ह्याचा पुरावा होतो आणि मूल निरपराध राहते. न्यायालयाने जे भाषेत केले तेच आता घरोघरी व्हावयास हवे.

मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या, म्हणजे प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत शाळेनेच तो मुलांच्या हाती दिला, हे आपण विसरतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. कुंपण घालण्यास आमचा विरोध नाही. मात्र वय चोरून कुंपणापलीकडे गेलेल्या मुलाजवळ लपविण्यासारखी आणखी एक गोष्ट होते. संकटात सापडल्यावर हे मूल तोंड कसे उघडणार? बंदीच्या जोडीला अभयाचे वचन नसेल, तर ती बंदी गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडेल.

ते वचन आईबापांनी आजच द्यावे. ‘तुझ्या हातून काहीही झाले असले तरी मला सांग, मी रागावणार नाही, आपण मिळून पाहू’, एवढे बोलावयास पाच मिनिटे लागत नाहीत. प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत आणि संभाषण पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. १०९८ हा बालकांच्या साह्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर आपले नाव न सांगताही अशी तक्रार नोंदविता येते. ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतील सेवा, मूळ चित्र कोणाच्याही हाती न देता, त्याचा केवळ सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे पाठविते व त्यावरून ते हटविता येते.

शाळा व पोलीस यांच्याकडूनही आमची काही नवी मागणी नाही. आहे तो कायदा पाळावा, इतकीच आहे. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. शाळेच्या लौकिकासाठी प्रकरण मिटविणाऱ्या चालकांना त्यातून सुटका नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असे कायदा सांगतो. या तरतुदी कागदावरच राहिल्या, तर एकदा घाबरलेले मूल दुसऱ्यांदा कधीच बोलणार नाही. आणि ज्या कंपन्या मुलांच्या आवडीनिवडी क्षणार्धात ओळखतात, त्यांनी मुलांच्या मागे लागलेला लांडगा आपल्याला ओळखता येत नाही, हे सांगू नये.

कायदा आहे, न्यायालयाचा निर्णय आहे, यंत्रणाही आहे. हे सारे ज्या एका शब्दावाचून खोळंबते तो शब्द मुलाच्या ओठांवर अडलेला आहे. तो बाहेर पडावयाचा, तर लाज कोणाची हे आपण मोठ्यांनी आधी ठरविले पाहिजे. ती मुलाची नाही. ती गुन्हेगाराची आहे. आणि मुलाला गप्प बसविणारे आपण असू, तर ती आपलीही आहे.