विश्लेषण : तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात रोबोटिक शस्त्रक्रिया नेमकी कुणाच्या उपयोगाची?

मोठ्या खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींत ‘रोबोटिक कॅन्सर सर्जरी’ हे शब्द आता सर्रास दिसतात. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रोबोट असलेल्या रुग्णालयात न्यायचे का?’ त्यासाठी दागिने मोडायची, जमीन गहाण टाकायचीही तयारी असते. पण या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयापेक्षा गाठ कुठे आहे यावर अवलंबून असते. गुटखा-तंबाखूमुळे होणारी गाठ आपल्याकडे बहुतेकदा ज्या जागी असते, तिथे रोबोटला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. असे का, ते समजून घेऊ.

आपल्याकडे हा आजार किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार जणांचा मृत्यू झाला. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

कारण उघड आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे आणि दाताला लावणारे कितीतरी अधिक होते. राज्यात गुटखाबंदी २०१२पासून आहे. तरी मावा, खर्रा, मिश्री आणि चुना मळलेली तंबाखू सुटलेली नाही.

हा ‘रोबोट’ स्वतः शस्त्रक्रिया करतो का?

नाही. यंत्र स्वतःहून एकही चीर देत नाही. शस्त्रक्रियागृहातच काही फुटांवर असलेल्या कन्सोलवर सर्जन बसतो. त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे हात रुग्णाच्या शरीरात जशाच्या तशा करतात. कॅमेरा त्रिमितीय चित्र सुमारे दहापट मोठे करून दाखवतो. हाताची थरथर यंत्र गाळून टाकते. सर्जनचा हात तीन सेंटीमीटर हलला तर आतले टोक एकच सेंटीमीटर हलेल, असेही प्रमाण ठरवता येते.

उणीवही आहे. प्रचलित यंत्रांपैकी बहुतेकांत सर्जनला स्पर्श जाणवत नाही. गाठ कडक आहे की मऊ, हे बोटाला कळते; कन्सोलवर बसून ते डोळ्यांनीच ताडावे लागते.

घशाच्या कर्करोगात त्याचा फायदा काय?

टॉन्सिल, जिभेचे मूळ, मऊ टाळू हा भाग तोंडाच्या मागे, वळणापलीकडे असतो. तिथे सरळ नजर पोहोचत नाही, हातही नीट पोहोचत नाही. म्हणून पूर्वी खालचा ओठ चिरून, जबड्याचे हाड मधोमध कापून तिथवर वाट काढावी लागे. गाठ निघे, पण चेहऱ्यावर व्रण राही आणि गिळणे, बोलणे पूर्ववत व्हायला फार वेळ लागे.

रोबोटचे बारीक हात उघड्या तोंडातूनच तिथे जातात आणि टोकाशी वळतात. बाहेरून चेहऱ्यावर चीर नाही, जबडा कापणे नाही. या पद्धतीला ‘ट्रान्सओरल रोबोटिक सर्जरी’ किंवा ‘टॉर्स’ म्हणतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ती विकसित झाली. तेथील औषध नियामक ‘एफडीए’ने डिसेंबर २००९मध्ये घशाच्या या भागातील लहान, म्हणजे पहिल्या दोन आकारगटांतील गाठींसाठी ‘दा विंची’ यंत्राला परवानगी दिली.

पाश्चात्त्य देशांत ही पद्धत रुजण्यामागे आणखी एक कारण आहे. तिथे घशाच्या या भागातील बहुसंख्य कर्करोग ‘एचपीव्ही’ या विषाणूमुळे होतात. रुग्ण तुलनेने तरुण असतात, उपचारांना चांगला प्रतिसाद देतात आणि पुढे अनेक वर्षे जगतात. त्यामुळे त्या वर्षांत त्यांना नीट गिळता-बोलता यावे, याला महत्त्व येते. भारतात ‘एचपीव्ही’चा वाटा कमी आहे, घशातही मुख्य कारण तंबाखू आणि दारूच.

गाल आणि हिरडीच्या कर्करोगात का नाही?

तंबाखूची गोळी गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत तासन् तास धरली जाते. कर्करोगही तिथेच होतो. भारतात याचे प्रमाण इतके आहे की वैद्यकीय वर्तुळात त्याला ‘इंडियन ओरल कॅन्सर’ असेच म्हटले जाते. ही जागा तोंडाच्या पुढच्या भागात आहे. सर्जनला ती थेट दिसते, हात पोहोचतो. रोबोट ज्या अडचणीवर उपाय आहे, ती अडचणच इथे नसते. जिभेच्या पुढच्या भागातील गाठीचेही तसेच.

दुसरे कारण हाडाचे. हिरडीलगतची गाठ लवकरच जबड्यात शिरते आणि मग हाडाचा भाग काढावा लागतो. रोबोटची बारीक साधने मऊ भागासाठी असतात. हाड कापायला नेहमीचीच हत्यारे लागतात. त्यानंतर पायाच्या हाडातून जबडा किंवा मांडीच्या त्वचेतून गाल नव्याने घडवावा लागतो. रुग्ण पुढे जेवणार कसा आणि दिसणार कसा, हे ठरते ते या पुनर्रचनेच्या दर्जावर.

मानेतील गाठी काढताना मात्र कानामागून, केसांच्या रेषेतून रोबोट नेता येतो. मानेवर समोर व्रण दिसत नाही, हा त्याचा मुख्य फायदा. वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

तोंडच उघडत नसेल तर?

‘टॉर्स’साठी तोंड भरपूर उघडावे लागते, कारण कॅमेरा आणि दोन हात एकाच वेळी आत जायचे असतात. सुपारी आणि गुटख्याने होणाऱ्या ‘सबम्युकस फायब्रोसिस’मध्ये गालाची आतली त्वचा दोरीसारखी ताठ होते. काही रुग्णांच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत. म्हणजे गाठ घशात असली, यंत्र उपलब्ध असले, पैसे असले, तरी गुटख्यानेच यंत्राची वाट बंद केलेली असू शकते.

रेडिएशनपेक्षा रोबोट सरस आहे का?

घशाच्या लहान गाठींसाठी रेडिएशन हा जुना, प्रस्थापित उपाय आहे. दोन्हींची थेट तुलना ‘ओरेटर’ या चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. ६८ रुग्णांपैकी अर्ध्यांना रेडिएशन, अर्ध्यांना शस्त्रक्रिया मिळाली. वर्षभरानंतर गिळण्याच्या क्षमतेत रेडिएशनचा गट किंचित पुढे होता. मात्र रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवावा इतका तो फरक नव्हता. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊन एका रुग्णाचा मृत्यू झाला.

त्यानंतरच्या ‘ओरेटर-२’ चाचणीत ६१ रुग्ण होते. शस्त्रक्रियेच्या गटात उपचारांशी संबंधित दोन मृत्यू झाल्याने नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. हे आकडे लहान आहेत, आणि अनुभवी केंद्रांत हजारो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया सुखरूप होते. पण ‘चीर नाही म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर अनेकांना रेडिएशन घ्यावेच लागते.

खुद्द ‘एफडीए’ने २०१९मध्ये रुग्णांना आणि डॉक्टरांना सावध केले होते. या यंत्रांना परवानगी देताना साधारणपणे शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील गुंतागुंत पाहिली जाते; कर्करोगाचा रुग्ण त्यामुळे अधिक काळ जगतो का, हे नाही.

खर्च आणि विम्याचे काय?

यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांत असते. त्याच्या साधनांत वापराची मोजणी बसवलेली असते. ठरावीक शस्त्रक्रियांनंतर ती बदलावीच लागतात. हा खर्च शेवटी बिलात उतरतो. ‘एसएसआय मंत्रा’ हे भारतीय बनावटीचे यंत्र २०२२मध्ये आल्याने स्पर्धा सुरू झाली आहे.

विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०१९च्या नियमांनुसार आरोग्य विमा कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही. मात्र त्यासाठी रकमेची वेगळी मर्यादा घालता येते. पाच लाखांची पॉलिसी असली तरी या शस्त्रक्रियेसाठी किती मिळतील, हे दाखल होण्याआधीच लेखी विचारलेले बरे.

रुग्णाने डॉक्टरांना काय विचारावे?

गाठ तोंडाच्या पुढच्या भागात आहे की घशात? हाडापर्यंत गेली आहे का? रोबोटशिवाय हीच शस्त्रक्रिया झाली तर काय फरक पडेल? केवळ रेडिएशन चालेल का? नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती? आणि या सर्जनने ही विशिष्ट शस्त्रक्रिया आजवर किती वेळा केली आहे? शक्य असल्यास सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ, दोघांचे मत घ्यावे.

मग जीव कशाने वाचतात?

याचे ठोस पुरावे भारतातच आहेत. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतील गाठी आधीच काढाव्यात की त्या वाढल्यावर, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अभ्यासला. २०१५च्या निष्कर्षांत आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. ही शस्त्रक्रिया साध्या हत्यारांनी होते आणि प्रशिक्षित सर्जन असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही करता येते.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासली. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५मध्ये दिसून आले.

घशातील लहान गाठ आणि अनुभवी सर्जन असेल, तर रोबोट हे उपयुक्त साधन आहे. पण तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड किंवा मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर तपासणीसाठी रोबोटची गरज नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयातील दंतवैद्यही ती करू शकतात. ती वेळेत झाली, तर दागिने मोडण्याची वेळ बहुधा येणारच नाही.